शेगडीच्या आतला रंग

जो अग्नीत तेज होऊन राहतो, पाण्यात गारवा होऊन राहतो, आणि गेलेल्याला व मागे उरलेल्याला सारख्याच मायेने सांभाळतो, त्या परमेश्वराला वंदन करून हे लिहावयास घेतो. आज सर्वपित्री अमावास्या. सकाळी तर्पण उरकले. ज्यांना पाणी द्यावयास मागे कोणी नाही, त्यांच्यासाठीही तर्पणात एक ओंजळ सोडतात. ती सोडताना गेल्या वर्षीची पोलादपूरची शेगडी आठवली. तिची हकीकत आज लिहून ठेवणे उचित वाटते.

शेगडीतून टकटक ऐकू आली, तेव्हा मी तिच्यापासून चार हातांवर उभा होतो. झाकण बंद होते. आत कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता. आत मीच थोड्या वेळापूर्वी रंग काढण्याचा लेप लावून ठेवला होता. दुपारची वेळ. धुके डोंगरावरून अंगणात उतरत होते आणि पुन्हा वर जात होते. मध्येच ऊन पडे. तीन ठोके आले. सावकाश, सारख्या अंतराने, जसे कोणी मोजून द्यावे तसे.

अंगणापलीकडे यशवंत नळाची गळती काढत बसला होता. तो तिथला राखणदार. त्याने मान वर केली नाही. हातातला पान्हा उचलला आणि शेजारच्या लोखंडी खांबावर तीनदा ठोकला. मग स्वतःच दचकला, पान्हा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहू लागला.

“लोखंड तापले की बोलते,” मी म्हणालो. “धुके गेले, ऊन आले. झाकण फुगते आहे.”

“हां,” तो म्हणाला. “तसंच असंल.”

माझी ओळख थोडक्यात करून देतो. लहानपणी पाठशाळेत संस्कृत शिकलो. पुढे विज्ञानाची पदवी घेतली आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत आयुष्यभर कोटिंग इन्स्पेक्टर म्हणून काम केले. कारखान्यांतल्या टाक्यांना आतून जे रंगाचे अस्तर देतात, त्याला लायनिंग म्हणतात. आम्ल लोखंड खाते; लायनिंग त्या दोहोंच्या मध्ये उभे राहते. ते नीट बसले की नाही, कुठे पातळ आहे, कुठे भोक आहे, हे तपासणे हे माझे काम. शेंडी आणि स्तोत्रांमुळे कारखान्यात मला सारे शास्त्रीकाका म्हणत. निवृत्तीनंतरही रंगाचे काही बिघडले की लोक विचारायला येतात.

नितीनचा फोन तसाच आला होता. नितीन पोलादपूरकडचाच. मुंबईत बरीच वर्षे हॉटेलच्या नोकरीत काढून परत आला आणि घाटाच्या पायथ्याशी वडिलोपार्जित जागेवर त्याने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. दसऱ्याच्या सुट्टीत मुंबईहून एक मोठा ग्रुप येणार होता. त्यांना अंगणात बार्बेक्यू हवे होते, म्हणजे कोळशावर, जाळीवर भाजलेले खाणे. त्यासाठी नितीनने बिरवाडीच्या रस्त्यावरच्या, लोखंडकाम करणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडून मोठी शेगडी करून घेतली होती.

“काका, आतनं रंगवलीय,” तो फोनवर म्हणाला. “बाहेरनं नाय. आतनं. काळा ऑइलपेंट. कोपऱ्यात थोडा कोळसा पेटवून बघितला, तर रंगाला फोड आले आणि असला वास सुटला की शेजारचा कुत्रा पण उठून गेला. मी ह्याच्यात चिकन कसं भाजू?”

भाजू नकोस, असे मी त्याला सांगितले. घरच्या दाराखिडक्यांना लावतात तो रंग आगीपुढे टिकत नाही. तो जळतो, त्याचा धूर अन्नात उतरतो. शेगडी आतून कोरी असावी लागते. मी स्वतः मांसाशन करीत नाही, पण रंगाला सोवळे-ओवळे नसते. दुसऱ्या दिवशी एस.टी.ने पोलादपूर गाठले.

रंग यशवंतने लावला होता. पावसाच्या आधी. त्यावर नितीन त्याला माझ्यासमोर बरेच बोलला. यशवंतचे उत्तर एकच होते: पाऊस येणार होता, लोखंड रंगवायचे असते. आमच्या भागात ते खरेही आहे. इथला पाऊस चार महिने लोखंडाला सुकू देत नाही. म्हणून वैशाख सरता सरता फाटक, खिडकीचे गज, पंपाची पेटी, जे जे लोखंडाचे दिसेल त्याच्यावर माणसे काळा किंवा तांबडा हात फिरवून घेतात. ते न करणारा घरधनी आळशी ठरतो. पण शेगडी आतून रंगवलेली मी प्रथमच पाहत होतो.

“उद्या तवा पण रंगवशील,” नितीन म्हणाला. “रंगवलेल्या तव्यावरची भाकरी खाऊ मग आपण.”

यशवंत हसला नाही. तो पन्नाशीचा, उंच, मितभाषी माणूस. त्याचे बाकीचे काम मी फिरून पाहिले. फाटकाचा रंग त्याने नीट घासून, दोन हात देऊन लावला होता. नळाच्या चाकावर रंग येऊ नये म्हणून तिथे चिंधी बांधली होती, आणि ती अजून तशीच होती. इतक्या जाणत्या हाताचा माणूस शेगडी आतून का रंगवील, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. मी मनात म्हटले, असते एकेकाचे.

आता शेगडीविषयी. ती कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्याच्या भंगारातल्या आडव्या टाकीची होती. फॅब्रिकेटरने टाकी लांबीत दोन भाग करून कापली होती. खालचा भाग कोळशाचे टोपले, वरचा भाग बिजागरीवरचे झाकण. झाकणाला मधोमध एक गोल तोंड होते. कारखान्यात त्याला मॅनहोल म्हणतात. टाकीत माणूस उतरतो ते भोक. तिथे आता धुराडे बसवले होते. शेगडी एवढी मोठी होती की नितीन पहिल्याच भेटीत म्हणाला, “काका, आत माणूस झोपेल आरामात.” यशवंत तेव्हा तिथून उठून पंपाकडे गेला होता.

ऑइलपेंट काढायला कॉस्टिक सोडा उत्तम. त्याचा पिठासारखा लेप करायचा, हातमोजे घालून लावायचा, वर प्लॅस्टिक पसरून झाकायचे आणि वाट पाहायची. रंगातले तेल आणि सोडा मिळून साबण होतो. रंग आपला आपण सुटतो. खरवडावे लागत नाही. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. मी लेप लावला, झाकण बंद केले, आणि त्या वाट पाहण्यातच ती टकटक ऐकली.

तासाभराने तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी ऊन नव्हते. धुके इतके दाट होते की धुराडे दिसत नव्हते. तीन ठोके. मी यशवंतकडे पाहिले. त्याने पान्हा दोन्ही हातांनी गच्च धरून मांडीवर दाबून ठेवला होता. मी मनात नामस्मरण सुरू केले. लोखंड निवतानाही बोलते, हे मला ठाऊक आहे. तरी ते तीनच वेळा का बोलते, हे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही.

संध्याकाळच्या आत नितीन आला. आम्ही झाकण उघडले. नितीनने पाण्याचा होज धरला. यशवंतला त्याने दोनदा हाक मारली, पण तो पाठ करून फाटकाशी उभा राहिला. पाण्याबरोबर काळा रंग शाईसारखा वाहू लागला. खाली कोरे लोखंड निघेल अशी माझी अपेक्षा होती. निघाले ते राखाडी-हिरवे, गुळगुळीत लायनिंग. टाकीचे जुने अस्तर. फॅब्रिकेटरने ते काढलेच नव्हते. पहिल्या आगीत जळून जाईल असे त्याला वाटले असावे. या जातीच्या लायनिंगला कॉस्टिक शिवत नाही. ते त्याला तोंड द्यायलाच बनलेले असते.

आणि त्या लायनिंगमध्ये एक हात होता.

उजव्या हाताचा पंजा. रंग ओला असताना टेकलेला, आणि तसाच वाळलेला. बोटांची पेरे, तळव्याची रेघ, सारे स्पष्ट. करंगळी आत वळलेली. पंज्याखाली चार बोटांच्या ओढी, खालपर्यंत घसरत गेलेल्या. नितीनने होज सोडून दिला. होज अंगणात सापासारखा वळवळत राहिला. ते पाणी कोणी बंद केले मला आठवत नाही.

“काका, हा कोणाचा हात?” नितीन म्हणाला.

“दीपकचा,” यशवंत फाटकापासून म्हणाला. त्याने अजून वळून पाहिले नव्हते.

मग त्याने सांगितले ते माझ्या शब्दांत देतो. दीपक त्याचा धाकटा भाऊ. दोघे एका ठेकेदाराकडे लायनिंगच्या कामावर जात. दीपक सडपातळ, म्हणून तो आत उतरे. यशवंत बाहेर मॅनहोलपाशी बसे. बाहेरच्या माणसाचे काम पहारा करण्याचे. आतल्या रंगाच्या वाफेने माणसाला गुंगी येते. म्हणून बाहेरच्याने थोड्या थोड्या वेळाने टाकीवर तीन ठोके द्यायचे, आणि आतल्याने तीन ठोक्यांनी उत्तर द्यायचे. मी ठीक आहे, असा त्याचा अर्थ. ही रीत आमच्याकडच्या साऱ्या टाकीवाल्यांत आहे. वाकून आत ओरडत बसण्यापेक्षा सोपी, आणि पंख्याच्या आवाजात ठोका ऐकू जातो, हाक जात नाही.

त्या दिवशी यशवंतने ठोके दिले आणि उत्तरे आली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत येत राहिली. सुट्टी झाली म्हणून त्याने हाक दिली. दीपक बाहेर आला नाही. काढला तेव्हा तो गेलेला होता. टाकीचे काम तिथेच थांबले, ती पुढे तशीच पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, सकाळी उतरल्यावर थोड्याच वेळात गेला असणार. ठेकेदार म्हणाला, मग उत्तरे कोण देत होते? पहारेकरी जागेवर नव्हता, झाले. सगळ्यांना ते पटले. दीपकच्या बायकोलाही पटले. सुजाता तिचे नाव. त्या दिवसापासून ती थोरल्या दिरासमोर उभी राहिलेली नाही.

“मी तंबाखूलासुदीक उठलो नव्हतो,” यशवंत म्हणाला. “ही टाकी टेम्पोतनं उतरली तवाच मी मॅनहोल वळखलं. झाकण उघडलं तर हात. साहेबांना काय सांगू? येडा म्हणून काढलं असतं. आन ह्याच्यात ते इस्तव पेटवनार. म्हणून रंग लावला. काळा. दोन हात दिले.”

नितीन उंबऱ्यावर बसला. म्हणाला की उद्याच टेम्पो बोलावतो, ही वस्तू भंगारात जाऊ दे, माझ्या अंगणात नको. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. घरात त्याची आई होती, पाहुणे येणार होते.

यशवंत तेव्हा माझ्याजवळ आला. तो बौद्ध, मी आमच्या रीतीचा कर्मठ. त्याने माझ्या पायाशी बसू नये म्हणून मी उभाच राहिलो. तोही उभा राहिला.

“काका, तुम्ही रंग वाचता ना?” तो म्हणाला. “तो मला जवाब देत व्हता का नाय, येवढंच सांगा. मी खोटा असंन तर खोटा. पन मला कळू दे.”

मी नितीनकडून उद्याचा दिवस मागून घेतला.

त्या रात्री मी पोलादपुरातच एका परिचिताकडे राहिलो. सकाळी स्नानसंध्या आटोपून भिंग, टॉर्च आणि पातळ सुरी घेऊन शेगडीत उतरलो. होय, उतरलो. रंग वाचायला तो जवळून पाहावा लागतो. त्या अर्ध्या टाकीत मी कुशीवर झोपलो, दीपक ज्या बाजूला कलला असेल त्याच बाजूला. झाकण यशवंतने धरून ठेवले होते. तरी त्या लोखंडात एक गारवा होता. तो धुक्याचा होता असे मी मानतो.

पंज्याच्या उजवीकडे मला खुणा दिसल्या. काल त्या साबणाच्या फेसात लपल्या होत्या. बोराएवढे खळगे. तीन एका ओळीत. त्याखाली थोड्या अंतरावर पुन्हा तीन. मग पुन्हा. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा खाली. वरच्या ओळी बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीला. खालच्या अगदी तळाशी, पडलेल्या माणसाच्या मनगटाच्या उंचीला.

इथे रंगाचे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. लायनिंग ओले असताना त्यावर काही आपटले तर खळगा पडतो, आणि त्याचे काठ हळूहळू वितळल्यासारखे पसरतात. रंग चिकट झाल्यावर आपटले तर काठ उभे राहतात, चिखलातल्या पावलासारखे. आणि पूर्ण वाळल्यावर आपटले तर खळगा पडत नाही; रंग काचेसारखा तडकतो, भोवती चांदणीसारख्या चिरा जातात. म्हणजे कोणता ठोका केव्हा पडला, हे रंग स्वतःच सांगतो.

वरच्या ओळींचे काठ पसरलेले होते. मधल्यांचे अर्धवट. खालच्यांचे काठ उभे, तीक्ष्ण. म्हणजे पहिला ठोका आणि शेवटचा ठोका यांच्यामध्ये रंग ओल्याचा चिकट होण्याइतका काळ गेला होता. थोडाथोडका नव्हे. तेवढा वेळ आतला माणूस जिवंत होता आणि ब्रशाची मूठ लोखंडावर आपटत होता. तीन, मग विसावा, मग तीन. कोणी विचारल्याशिवाय माणूस असे उत्तर देत नाही.

डॉक्टरांनी अंदाज सांगितला होता. अंदाज चुकतो. रंगाला अंदाज करता येत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या वेळी मी कोणालाही सांगितली नाही. सर्वांत खाली, हाताच्या ओढींच्याही खाली, आणखी एक ओळ होती. तीनच खुणा. त्यांचे काठ पसरलेले नव्हते आणि उभेही नव्हते. त्या तडकलेल्या होत्या. भोवती चांदण्या. पूर्ण वाळलेल्या रंगावर, निदान एक दिवस उलटल्यावर पडलेल्या. आणि तडा आतून आलेला होता, बाहेरून नव्हे. बाहेरून मारले तर लायनिंग वेगळ्या रीतीने सुटते. मी भिंग पुसले, पुन्हा पाहिले. भंगारवाल्यांचे हात लागले असतील असे मनाला सांगितले आणि बाहेर आलो.

दुपारी मी बिरवाडीला गेलो. सुजाता तिथे एका खोलीत राहून शाळेत पोषण आहार रांधते. भांडी विसळून झाली तेव्हा मी तिला भेटलो. कोण, कुठून, कशासाठी, सारे सांगितले. तिने मला बसायला पाट दिला आणि ऐकून घेतले. म्हणाली, मला कशाला दाखवता? मी म्हणालो, मी जे वाचले ते तुम्हीही डोळ्यांनी पाहावे. मग विश्वास ठेवा अथवा ठेवू नका. ती म्हणाली, त्यांनी समोर यायचं नाय. मी यशवंततर्फे ते कबूल केले.

दुसऱ्या दिवशी नितीनने स्वतः गाडी पाठवून तिला आणले. भंगाराचा टेम्पो त्याने पुढे ढकलला होता. का, हे मी विचारले नाही. यशवंत पंपाच्या खोलीमागे थांबला. ती शेगडीपाशी आली, पदर खोचला आणि आत वाकली. आधी पंज्याकडे नुसते पाहत राहिली. मग आपला हात त्या पंज्यात ठेवला. करंगळी बसेना, ती वळलेली होती.

“शाळेत असताना मोडली होती,” ती म्हणाली. “भावोजींनीच सायकलवरनं पाडलं होतं.”

मी तिला ओळी दाखवल्या. वरची बोटाने चाचपायला लावली, मग खालची. फरक तिला हाताला कळला. तिला रोज पीठ मळायची सवय आहे, ओले आणि सुकत आलेले तिला शिकवावे लागत नाही. शेवटची ओळ मी ओल्या फडक्याने झाकून ठेवली होती.

“म्हणजे ते इचारत होते,” ती म्हणाली.

“होय.”

“आणि हे सांगत होते, मी बरा हाय.”

“होय. शुद्ध जात होती, पण हाताची सवय गेली नव्हती. हात सवयीने उत्तर देत राहिला. बाहेरचा माणूस त्यावर विश्वासला. त्यात त्याचे खोटे काही नाही.”

ती कितीतरी वेळ तशीच वाकून उभी होती. धुके झाकणावरून ओघळत होते. शेगडी त्या दिवशी एकदाही बोलली नाही. अखेर ती ताठ झाली, तोंड पुसले आणि पंपाच्या खोलीकडे पाहून, आवाज न चढवता म्हणाली:

“भावोजी, जरा पाणी आणा प्यायला.”

यशवंत तांब्या घेऊन आला. अर्धे पाणी त्याने वाटेतच सांडले होते. ती उरलेले प्यायली. त्यापुढे ती दोघे जे बोलली ते मी ऐकले नाही; नितीन आणि मी मुद्दाम दूर जाऊन उभे राहिलो.

जाताना मी तिला विचारले, हा भाग कापून तुम्हाला द्यायचा का? फॅब्रिकेटरकडून कापून घेता येईल. ती म्हणाली, “नको. काढा तो रंग. किती दिस आत ठेवायचं त्यांना?”

त्यानंतर रंग काढला. कॉस्टिकने न जाणारे लायनिंग ब्लास्टिंगने काढतात. म्हणजे हवेच्या दाबाने कठीण कणांचा मारा करतात. ओळखीच्या एका ऑपरेटरला मी सोबत उभा राहून ते करायला लावले. आधी यशवंत आणि सुजाता यांनी टाकीच्या कडेला मेणबत्त्या लावल्या आणि त्यांच्या रीतीने त्रिशरण म्हटले. मी हात जोडून उभा होतो. मग यंत्र सुरू झाले. पंजा गेला, ओळी गेल्या. शेवटची, झाकलेली ओळ सर्वांत उशिरा गेली. तिच्या जागेवर ऑपरेटरला दोनदा नळी फिरवावी लागली. लायनिंग तिथे काही जाड नव्हते. आतून लोखंड स्वच्छ, रुपेरी निघाले.

शेगडी पुढे काही पेटली नाही. नितीन म्हणाला, काका, आता मन होत नाय. पाहुण्यांसाठी त्याने अंगणात विटा मांडून साधी चूल केली. सुजाताने सुचवले की आग नको, पाणी ठेवा. म्हणून झाकण आणि धुराडे भंगारात गेले, आणि खालचा भाग यशवंतच्या वाडीत, वाटेवरच्या जांभळाखाली नेऊन बसवला. गुरे डोंगरावरून येताना तिथे पाणी पितात. गंजू नये म्हणून पाण्याला चालणारे नवे लायनिंग मी माझ्या हाताने दिले. आयुष्यभर बंद टाक्यांची लायनिंगे तपासली. हे एकच उघड्या आकाशाखाली झाले. यशवंत मला रंग कालवून देत होता.

तिथेच तो सहज म्हणाल्यासारखा म्हणाला: “काका, एक रायलं. दीपकला न्हेलं त्याच्या दुसऱ्या दिशी मी परत गेलतो टाकीपाशी. कोन नव्हतं. मी ठोकलं.”

मी ब्रश थांबवला.

“जवाब आला,” तो म्हणाला. “हे मी कोनाला सांगितलं नाय. तुमी तरी काय म्हनाल.”

मी उरलेला कोपरा रंगवून पुरा केला. चांदण्यांच्या त्या तीन खुणा आता जगात कुठेही नाहीत. मी पाहिल्या, आणि आता तुम्हाला सांगितल्या. जांभळाखाली एक म्हैस आली. टाकी अजून ओली होती म्हणून यशवंतने तिला हुसकले. जाता जाता तिचे शिंग टाकीला लागले. टक्, टक्, टक्. यशवंतने वळूनही पाहिले नाही. तो डबा धूत होता.

या धंद्यात काढलेल्या वर्षांतून वाचकांना द्यावे असे माझ्याजवळ फार थोडे आहे. रंग काढायला घेण्याआधी तो कोणी लावला आणि का लावला, हे विचारावे. आणि बंद टाकीत माणूस उतरला असेल, तर नुसत्या ठोक्यावर विसंबू नये. त्याला त्याचे नाव विचारावे. नाव सांगायला शुद्ध लागते; ठोका द्यायला सवय पुरते. आमच्या ओळखीच्या ठेकेदारांकडे आता नाव विचारतात. दर वेळी ओरडावे लागते म्हणून माणसे कुरकुरतात. कुरकुरू देत.

ज्याने हे शेवटपर्यंत वाचले, त्याच्या घरची चूल कधी विझू नये आणि माठ कधी रिता होऊ नये. घरातून कामावर गेलेला प्रत्येक जण दिवेलागणीच्या आत परत यावा. आणि तुमच्या दारावर जेव्हा टकटक होईल, तेव्हा बाहेर तुमचेच माणूस, आपले नाव सांगत उभे असो.